बाळंतपणाची मजुरी कोणी द्यायची?

डहाणूच्या मसोलीत शेजारी राहणाऱ्या चार बायकांना एकाच महिन्यात दिवस राहिले, तर त्यांच्या बाळंतपणाचे हिशेब चार तऱ्हांचे होतील. पहिली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असली की तिला १८० दिवसांची भरपगारी रजा. अर्ज दिला की काम झालं. दुसरी रोज सकाळच्या गाडीने गुजरातमधल्या उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाणारी. कागदावर तिला २६ आठवडे मिळतात, पण ठेकेदाराच्या यादीत तिचं नाव किती दिवस टिकतं यावर सगळं अवलंबून. तिसरी चिकूच्या वाडीत रोजावर फळं निवडणारी. चौथी पावसाळा सरला की नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणारी, आणि तिथल्या वहीत नाव असतं ते फक्त नवऱ्याचं. या शेवटच्या दोघींना रजा ठाऊकच नाही. काम थांबलं की मजुरी थांबली.

चौघींचं पोट सारखंच वाढतं, ओली बाळंतीण म्हणून चौघींना विश्रांती सारखीच लागते. आपले कायदे मात्र आधी हजेरीपुस्तक मागतात. डहाणू-तलासरीत हजेरीपुस्तकात नाव असलेल्या बायका थोड्या, म्हणून मूल होऊ द्यायचा विचार करणाऱ्या जोडप्याने इथे कशाचा भरवसा धरावा, हे जरा खोलात जाऊन पाहायला हवं.

आधी थोडं मागे जाऊ, कारण खरा वाद जुना आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून १२ आठवडे रजेचा करार केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. १९२४ मध्ये कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-साहाय्याचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. मग प्रश्न मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात आला आणि २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण राखणं हे मुळात सरकारचं काम आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर ज्या मालकाला बायकांच्या श्रमातून नफा होतो, त्याच्यावर हा भार टाकणं गैर नाही. १९२९ मध्ये मुंबई मातृत्व लाभ कायदा झाला. देशातला तो पहिला. गिरणीतल्या बाईला दिवसाला आठ आणे मिळू लागले.

हा कायदा कारखान्यांपुरता होता. गिरणगावापासून सव्वाशे किलोमीटरवर, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, त्याच काळात लग्नगडी होते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं. मूल झालं तर तेही त्याच दावणीला. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासी जमले आणि किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद केले. त्यानंतरचा संप गवत कापण्याच्या दरावर होता: ५०० पौंडांना अडीच रुपये. मुंबईच्या गिरणीत प्रसूतीचा पैसा सुरू होऊन सोळा वर्षं झाली होती, तेव्हा इथे केलेल्या कामाची मजुरी मिळावी म्हणून माणसं गोळ्या खात होती. न केलेल्या कामाची मजुरी ही फार पुढची गोष्ट होती. दोन जगांमधलं ते अंतर पुरतं मिटलं, असं मला आजही म्हणवत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला, १२ आठवड्यांचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ आठवडे झाले, त्यातले आठ बाळंतपणाआधी घेता येतात. तिसऱ्या मुलापासून पुन्हा १२. तीन महिन्यांखालचं मूल दत्तक घेणाऱ्या आईलाही १२. अट एकच: अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेलं असावं. पगार पूर्ण. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ द्यायचे, उरलेले मूल झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. मालकाने औषधपाण्याची मोफत सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे. गर्भपात झाला तरी सहा आठवडे भरपगारी रजा आहे, आणि हे कलम फार थोड्या बायकांना माहीत असतं. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे. नाव बदललं, पण आठवडे आणि अटी जवळपास त्याच राहिल्या.

इतकं चांगलं कलम असूनही ते गळतं, कारण राज्य विमा लागू नसेल तिथे (त्याविषयी पुढे) २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. पंधरा हजार पगाराच्या बाईमागे नव्वद हजार. मोठ्या कंपनीला हे काही नाही. फुगे, प्लास्टिक, पेनं, खेळणी यांचं काम करणाऱ्या, वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला ते जाणवतं. मग तरुण, नुकतं लग्न झालेली मुलगी कामावर घेताना विचार होतो. घेतलीच तर ठेकेदाराच्या नावावर घेतात, आणि ८० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयाने सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याचा प्रस्ताव पुढे केला होता. त्यातून पुढे काही निघालं नाही. ब्रिटनमध्ये ३९ आठवड्यांचा वैधानिक मातृत्व पगार मालक देतो खरा, पण त्यातला बहुतेक भाग तो सरकारकडून वळता करून घेतो, आणि लहान मालकाला तर सगळाच परत मिळतो. नोकरी नसून स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईलाही तिथे वेगळा भत्ता आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारानेही हेच धरलं आहे, की हा बोजा एकट्या मालकावर टाकू नये. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मालकावर भार टाकला तो सरकार पुढे येईपर्यंत. आपण ती तात्पुरती सोय कायमची करून ठेवली.

न्यायालयांनी मात्र वेळोवेळी बाईची बाजू घेतली आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांना हा लाभ मिळालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं. मधेच कंत्राट संपलं म्हणून रजेचे पैसे तोडता येत नाहीत, असं २०२३ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये प्रसूती रजेला बाईच्या प्रजनन-हक्काचाच भाग मानलं. या निकालांचा आधार घ्यायला हातात काहीतरी कागद लागतो: पगाराची पावती, हजेरीचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार. रोख मजुरीवरच्या बाईकडे यातलं काही नसतं.

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात शहाणी व्यवस्था १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आणलेली, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'ईएसआय' म्हणतात ती. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पंधरा हजारांवर बाईचे एकशे साडेबारा रुपये. मूल होतं तेव्हा २६ आठवड्यांची पूर्ण सरासरी मजुरी विम्याचं महामंडळ देतं, मालकाला एक पैसा वेगळा घालावा लागत नाही. म्हणजे मुलगी कामावर घ्यायला त्याने घाबरायचं कारणच उरत नाही. अट आहे ती आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची. वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दुखतं ते इथेच. विम्याचा नंबर काढलेला असतो, पण वर्गणी काही महिने भरली आणि काही महिने सोडली जाते. बाईला हे कळतं ते सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

आता तिसरीकडे, चिकूच्या वाडीतल्या बाईकडे येऊ. घोलवड-बोर्डी-डहाणूचा चिकू देशभर जातो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात 'मळा' हा शब्द आहे. पण मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा. चिकू त्यात नाही. राज्य सरकारने मनात आणलं तर मोठ्या बागांना इतर पिकांसाठीही ती व्याख्या लावता येते. चिकूसाठी ती लावून पाहावी असं कोणी गंभीरपणे म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून मुन्नारच्या चहामळ्यातली बाई कायद्यात आणि नरपडच्या वाडीतली बाहेर.

बाहेर राहिलेल्यांसाठी सरकारची योजना आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: गरोदरपण नोंदवून सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाली की ३,०००, आणि जन्माची नोंद व पहिल्या फेरीचं लसीकरण झालं की २,०००. एप्रिल २०२२ पासून दुसरं मूल मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. दुसरं मूल मुलगा असेल तर काही नाही. मुलगी नकोशी होऊ नये हा हेतू समजतो. पण ही रक्कम आईच्या बुडालेल्या मजुरीपोटी आहे, असं योजनेतच म्हटलेलं आहे, आणि मुलगा झाला म्हणून आईची मजुरी बुडायची थांबत नाही.

पाच हजारांचा हिशेब करून पाहा. कारखान्यातल्या बाईला कायदा १८२ दिवस देतो. तेवढ्याच दिवसांवर हे पैसे पसरले तर रोजचे साडेसत्तावीस रुपयेही होत नाहीत. तीनशे रुपये रोज धरला आणि आठवड्याचे सहा दिवस मोजले, तर २६ आठवड्यांत बाईचे ४६,८०० रुपये बुडतात. म्हणजे योजना त्याच्या नवव्या हिश्श्याइतकीही भरपाई देत नाही. त्यातही २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला निदान ६,००० रुपये देऊ केले होते. आकडा तेव्हाचा आहे, महागाईशी जोडलेला नाही. मातृवंदनेने त्यातले पाच दिले आणि उरलेला हजार जननी सुरक्षा योजनेच्या हिशेबात घातला. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या पात्र बाईला त्या योजनेतून दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० मिळतात. तमिळनाडू मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून १८,००० पर्यंत देतं. तितकं लांब कशाला? १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या उंबरगावात आज गुजरातची नमोश्री योजना आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, १२,००० रुपयांची. तलासरीची बाई कामाला जाते ते राज्य बारा हजार देतं, राहते ते राज्य केंद्राचेच पाच देतं. आणि आपल्या राज्याकडे पैसे नाहीत, असंही म्हणता येत नाही: लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० सहा महिन्यांत ९,००० होतात. पण त्यासाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि या पट्ट्यात पहिलटकरीण पुष्कळदा त्याहून लहान असते.

वयाचा आणि लग्नाचा मुद्दा इथे नाजूक आहे. अठरा पुरी न झालेली आई मातृवंदनेतून बाहेर. ते योग्य की अयोग्य यावर दोन मतं होतील, पण पोषणाची सर्वांत जास्त गरज नेमकी तिलाच असते. दुसरं, वारली समाजात जोडपी आधी एकत्र राहतात आणि लग्नाचा खर्च जमला की, कधी दोन मुलं झाल्यावरही, लग्न लावणाऱ्या बाईला, म्हणजे धवलेरीला, बोलावून लग्न लावतात. समाजाला ते मान्य असतं, अर्जाच्या रकान्याला नसतं. पूर्वी योजनेत नवऱ्याचं आधार लागायचं. आता त्याची सक्ती काढली आहे. इथल्या किती बायकांची वाट त्या एका दुरुस्तीने मोकळी झाली असेल, ते दिल्लीत बसून कळणार नाही.

आदिवासी भाग म्हणून काही योजना इथे जास्तीच्या आहेत, आणि त्यातली एक मला रोखीच्या योजनांपेक्षा मोलाची वाटते. २०१५ पासून चालू असलेली अमृत आहार योजना: सातवा महिना लागला की अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण, आणि बाळंतपणानंतरही काही महिने तेच. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. हप्ता अडकतो, आधार जुळत नाही, पण शिजलेलं अन्न ताटात पडलं की ते कोणाला वळतं करून घेता येत नाही. नवसंजीवनी योजनेतलं मातृत्व अनुदान आहे, रक्कम किरकोळ. दुर्गम पाड्यांतल्या बायकांना तारखेच्या आधीच आरोग्य केंद्रात येऊन राहता यावं म्हणून माहेरघर योजना आहे, आणि तिच्यात बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे. म्हणजे दवाखान्यात काढलेल्या दिवसांची मजुरी बुडते, हे सरकारला पटलेलं आहे. घरी काढलेल्या दिवसांचं मात्र अजून पटायचं आहे.

आणि चौथी, भट्टीवरची. तिच्यापर्यंत यातलं काहीच नीट पोहोचत नाही. भट्टीवर माणूस घेत नाहीत, जोडी घेतात. पावसाळ्यातच उचल दिलेली असते, पाडलेल्या विटांच्या हजारावर दर ठरलेला असतो आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई मातीत उभी असते, पण वहीत नसते. मग तिचे ८० दिवस कोण मोजणार? ती बसली की जोडीच्या विटा घटतात आणि उचल फिटत नाही, म्हणून ती बसत नाही. ऊसतोडीत हेच कोयत्याच्या नावाने चालतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा गवगवा झाला, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भट्टीवरच्या बायकांसाठी तेवढाही गवगवा झाला नाही. त्यात दिवाळीनंतर गाव सोडलेलं. गरोदरपणाची नोंद गावच्या अंगणवाडीत, तपासण्या भिवंडीत चुकलेल्या, बाळंतपण तिसरीकडेच. दुसऱ्या हप्त्याला लागणारे जन्माचे आणि लशींचे कागद जमवता जमवता पुढचा हंगाम येतो.

मूल कामावर न्यायचं तर ठेवायचं कुठे, हा प्रश्न २६ आठवड्यांनी संपत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास आणि त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. इथले बहुतेक कारखाने पन्नासाच्या आतले, किंवा कागदावर तसे ठेवलेले. याच डहाणू तालुक्यात शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केलं. मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं आहे, हे पाहून त्यांनी शाळेला पाळणाघर जोडलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी देशभर गेली. तिच्यासोबतचं पाळणाघर मात्र डहाणूतच मागे राहिलं. ते गेलं असतं तर आज वाडीवर जाणाऱ्या बाईला पोर झोळीत बांधून झाडाला टांगायची वेळ आली नसती.

आणि बाप? केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात. कारखान्यातल्या बापासाठी कामगार कायद्यात एक दिवसही नाही. तरीही त्याच्या नावाने जोडप्याला थोडंफार मिळू शकतं. तो ईएसआयमध्ये असेल तर बायकोचं बाळंतपण विम्याच्या दवाखान्यात होतं, आणि जवळपास तशी सोय नसेल तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात. तो बांधकामावर असेल आणि वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला देऊन इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी साध्या बाळंतपणाला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,०००. मातृवंदनेच्या तिप्पट-चौपट, तरी बिगाऱ्याचं काम करणारे कितीतरी तरुण नोंदणी करत नाहीत, कारण तो दाखला देणारा कोणी सापडत नाही. मुलगी झाली आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल, तर लेक लाडकी योजनेचे पहिले ५,००० जन्मानंतर लगेच.

म्हणून ज्यांना यंदा-पुढल्या वर्षी मूल हवं आहे त्यांनी दिवस राहण्याआधीच कागदांकडे वळावं, हे मी कितीही कोरडं वाटलं तरी सांगतो. लग्नानंतर आधारवर एक नाव, बँकेत दुसरं आणि शिधापत्रिकेत तिसरं असेल तर आधी ते एक करावं. मातृवंदनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात आणि इथले बहुतेक अर्ज तिथेच अडतात. कारखान्यातल्या बाईने आपल्या विमा नंबरावर दर महिन्याची वर्गणी खरंच जमा होते का, हे फोनवरच पाहून घ्यावं, न होणारी दिसली तर पोट दिसायच्या आत बोलावं. पाळी चुकली की आशाताई किंवा अंगणवाडीताईकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं, शेवटच्या पाळीची तारीख त्यावर बरोबर लिहून घ्यावी, कारण योजनांचे सगळे दिवस तिच्यापासून मोजतात. भट्टीवर जायचं असेल तर हे जाण्याआधी, आणि कार्ड बोचक्यात बरोबर. बाळंतपण सिल्वासा किंवा वलसाडच्या दवाखान्यात झालं, जसं सीमेवरच्या पाड्यांत पुष्कळदा होतं, तर जन्माची नोंद तिथेच होते. दाखला घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

पैसे नाकारले तर तक्रार कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे करता येते, लेखी, साध्या कागदावर. पण ती करायची कामाच्या जागेप्रमाणे. तलासरीची बाई उंबरगावात कामाला असेल तर तिचं कार्यालय पालघरमध्ये नाही, वलसाड जिल्ह्यात आहे, आणि तिथला कारभार गुजरातीतून चालतो. अर्ज लिहून द्यायला युनियनचा माणूस नाहीतर शिकलेली भाची बरोबर न्यावी.